आवडीचा अर्धा तास

शिबिरात आपण दिवसाचं घड्याळ काढतो. मोठ्या कागदावर गोल काढायचा, चोवीस खुणा करायच्या आणि प्रत्येकीनं आपापल्या कामांची चित्रं त्यात भरायची. चूल, हंडा, शेत, धुणं, डबे, म्हाताऱ्यांची औषधं. हा खेळ आता जुना झाला, तरी त्याची ताकद कमी झालेली नाही. 'मी काही करत नाही हो, घरीच असते' असं म्हणणारी बाई ते गच्च भरलेलं वर्तुळ बघून गप्प होते.

पण त्याच बायकांना दुसरा एक प्रश्न विचारून बघा. तुम्हाला काय आवडतं?

आधी कुणी बोलत नाही. मग जी उत्तरं येतात ती अशी: 'सगळे पोटभर जेवले की मला बरं वाटतं.' 'मला स्वच्छता आवडते.' 'माझ्या पोराला ना, चित्रकला फार आवडते.' तुम्हाला काय आवडतं, असं पुन्हा विचारावं लागतं. गेल्या वर्षी एका गावात मागच्या रांगेतून एकदम आवाज आला, 'मला शाहरुख आवडतो!' मग जो हशा पिकला तो पाच मिनिटं थांबेना. हशा ओसरल्यावर मात्र सगळ्यांची तोंडं उघडली. कुणाला रोज रात्रीची मालिका, कुणाला लताबाईंची जुनी गाणी, कुणाला नाचायला. एकीला क्रिकेट, त्यातही सांगलीची स्मृती मानधना. साठीच्या एक आजी म्हणाल्या, 'मला कुस्ती बघायला आवडती. पण मैदानात बाया कुठं असत्यात?' लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या कुस्त्यांचे डाव त्यांनी आम्हांला हातवारे करून दाखवले. लग्न झाल्यापासून एकही मैदान पाहिलेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, हिंसा, मालमत्ता, मजुरी, आरोग्य यांवर आपण भरपूर बोललो आणि ते बोलायलाच हवं होतं. बाईच्या आवडीबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. तो किरकोळ विषय वाटतो, पोट भरलेल्यांचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. बाईचा वेळ कुणाच्या मालकीचा, हे जितकं तिच्या आवडीच्या अर्ध्या तासात उघडं पडतं तितकं कामाच्या बारा तासांतही पडत नाही.

आपल्या भाषेत 'नाद' हा एक शब्द आहे. पुरुषाला नाद असला की तो गाडीच्या मागं अभिमानानं रंगवला जातो. 'नाद खुळा', 'नाद करायचा नाय'. बाईला नाद लागला असं म्हटलं की गावाला जे समजायचं ते समजतं. मुलीच्या बाबतीत 'खूळ' शिरतं, सुनेची 'थेरं' चालू होतात, म्हातारीला 'या वयात हौस' सुचते. पुरुषाच्या नादामागं अख्खं सरकार उभं राहू शकतं. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंदी आली, तेव्हा त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून मोर्चे निघाले, विधिमंडळानं कायदा केला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो वैध ठरवला. बैलांचं काय व्हावं हा वाद इथं बाजूला ठेवू. मुद्दा एवढाच, की एका आवडीसाठी नऊ वर्षं लढा देता येतो आणि त्याला कुणी थेर म्हणत नाही.

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरची बिनपैशाची कामं करणाऱ्या बायका त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. हे आपण भाषणांत सांगतोच. पण त्याच पाहणीत करमणूक, फुरसत, खेळ यांचाही रकाना आहे आणि त्यात बायका-पुरुषांमध्ये फार मोठं अंतर नाही. दोघंही अडीच ते तीन तासांच्या दरम्यान. एका कार्यक्रमात एक गृहस्थ हा आकडा घेऊन उठले. म्हणाले, 'मग अडचण काय आहे?'

अडचण अशी, की ही पाहणी दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे करते. त्या कप्प्यात बाई टीव्ही बघत होती हे लिहिलं जातं. मांडीवर गवारीच्या शेंगा होत्या, कान कुकरच्या शिट्टीकडे होते, नातवंड पायावर झोपलं होतं आणि मध्येच 'पाणी दे गं' अशी हाक आली, हे त्या कप्प्यात मावत नाही. पुरुष मॅच बघतो तेव्हा मॅचच बघतो. त्याच्या पुढ्यात चहा येतो. बाईची मालिका जाहिरातींच्या जीवावर चालते. जाहिरात लागली की भाकरी उलटायची, पुढची जाहिरात लागली की दुधाखालचा गॅस बंद करायचा. रात्री सात ते नऊ मराठी मालिकांची वेळ आणि तीच स्वयंपाकाची. या वेळा कुणी ठरवल्या, हा प्रश्न कधी कुणाला पडत नाही.

रेडिओचं या बाबतीत बरं होतं. त्याला डोळे लागत नव्हते. मुंबई आकाशवाणीचं 'वनिता मंडळ', 'आपली आवड', त्याआधी रेडिओ सिलोनवरची अमीन सायानींची गीतमाला. हात कणकेत आणि कान गाण्यात, असं दोन्ही जमायचं. टीव्ही आला आणि त्यानं डोळे मागितले. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण सुरू झालं. मग बायका तासभर आधी उठून पाणी, नाश्ता, आंघोळी उरकायला लागल्या. पाहण्याची किंमत आगाऊ मोजायची होती. १९९४ साली 'शांती' आली ती दुपारी. जेवणं झालेली आणि मुलं शाळेतून यायची असलेली ती वेळ बाईचीच होती. पुढं २००० साली सासू-सुनांच्या हिंदी मालिका रात्री आल्या, मराठी वाहिन्यांनी संध्याकाळ घेतली आणि दुपारला पुनःप्रक्षेपण उरलं.

सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायकांमध्ये बसलं की रेडिओचे दिवस परत आल्यासारखे वाटतात. सुपात तंबाखू, कापलेली पानं, बोटं चाललेली आणि मध्ये एकीचा फोन उभा करून ठेवलेला. त्यावर तेलुगू गाणी, कारण त्यांतल्या कित्येकींच्या घरची भाषा तेलुगू. फोनकडं कुणी बघत नाही. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते, मान वर केली की बिड्या कमी भरतात. एक तरुण बाई म्हणाली, 'ह्या हिरोची गाणी पाठ आहेत, नाचताना कधी बघितला नाही.' आणि हसली. मला हसू आलं नाही.

चळवळीतल्या आपल्या मैत्रिणींशी मला इथं थोडं भांडायचं आहे. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा गावोगावच्या बायका गटागटानं थिएटरात गेल्या आणि रडून आल्या. आपल्याकडं त्यावर जे लिहिलं-बोललं गेलं ते बरोबरच होतं. सोसणाऱ्या सुनेला देवत्व देणारा सिनेमा आहे तो. पण त्या बायका तीन तास घराबाहेर होत्या, एकमेकींच्या शेजारी होत्या, आणि घरी रडायला जागा नव्हती म्हणून तिथं रडत होत्या, हे आपल्या लिहिण्यात कमी आलं. २०२३ साली केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. पुन्हा बायका घोळक्यानं निघाल्या, नऊवारी नेसून, डोळ्यांवर गॉगल लावून. पुन्हा काहीजणींनी नाकं मुरडली. मंगळागौर म्हणजे काय, कुणाची, त्यात कुठल्या जातींच्या बायका असत आणि कुठल्या नसत, हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण आमच्या वस्तीतल्या ज्या बायका तो बघून आल्या त्यांना मी विचारलं, काय आवडलं? मंगळागौरीचं नावही निघालं नाही. 'त्या सगळ्या एकत्र तालमीला जातात ना रोज, ते.' म्हणजे घरातून रोज उठून आपल्यासाठी कुठंतरी जाणं, हे त्यांनी पाहिलं होतं.

'होम मिनिस्टर'बद्दल मात्र मी इतकी उदार नाही. २००४ साली तो कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. आदेश बांदेकर भावोजी म्हणून घरात यायचे आणि वहिनींना खेळ खेळायला लावायचे. बायका मनापासून हसायच्या, धावायच्या, हरायच्या, आणि ते बघायला छान वाटायचं हे खरं. पण खातं घराचंच राहायचं, बक्षीस पैठणीचं असायचं आणि गृहिणीपणाचाच तो गौरव होता. बाईला खेळायला मिळालं, पण ती घर चांगलं चालवते याचं बक्षीस म्हणून. आपल्याकडं बाईच्या आवडीला अशीच सोय लावून दिली जाते. भरतकाम चालतं, त्यातून उशीचा अभ्रा निघतो. पाककृती चालतात, त्या घरच्यांच्या पोटात जातात. भजनी मंडळ चालतं, त्यातून पुण्य मिळतं. ज्यातून कुणाला काही मिळत नाही, फक्त तिला मजा येते, तिथं कपाळावर आठी.

श्रयना भट्टाचार्य या अर्थतज्ज्ञ बाईंनी २०२१ साली शाहरुखच्या चाहत्या बायकांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात पडद्यावरच्या नटापेक्षा या बायकांची मजुरी, नोकरी आणि एकटेपण यांचीच गोष्ट जास्त आहे. तिकिटाचे पैसे स्वतःचे असणं, ते खर्च करायला कुणाला विचारावं न लागणं, हा मोठा पल्ला आहे. आमच्या गटातल्या निम्म्या बायका स्वतः कमावतात. तरी स्वतःच्या पैशानं, एकटीनं, सिनेमा पाहिलेल्या किती, हे एकदा हात वर करायला सांगून बघा.

घरकाम करणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. ती चार घरी जाते. एक मालिका ती गेली दोन वर्षं बघते आहे, पण एकाच घरी सलग कधी नाही. पहिल्या घरी भांडी घासताना नुसता आवाज, दुसऱ्या घरी दुपारच्या पुनःप्रक्षेपणाचा मधला तुकडा, लादी पुसताना. शेवट तिसऱ्या घरच्या आजी तिला तोंडी सांगतात. त्या आजी चांगल्या आहेत, 'बस गं जरा' म्हणतात. ती बसते, खाली, दाराशी. आजी सोफ्यावर. एकाच मालिकेवर दोघी एकाच वेळी हळहळतात आणि तरी ती दाराशीच बसते. मी तिला विचारलं, स्वतःच्या घरी रात्री का नाही बघत? म्हणाली, 'ताई, घरी रिमोट माझ्या हातात कुठं असतो? आणि नऊ वाजता मला बसल्या बसल्या झोप लागते.' २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आठवड्याची सुट्टी अजूनही एकेका घरी, एकेका मालकिणीशी घासाघीस करूनच मिळवावी लागते. संघटना असली तर थोडी सोपी, नसली तर अवघड.

सुट्टीचा विषय निघाला म्हणून. रविवारची सुट्टी आपल्याकडच्या गिरणी कामगारांनी लढून घेतली. म. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे त्या लढ्याचे पुढारी. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायकांनी उभं राहून भाषणं केली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. दहा हजारांच्या गर्दीत, लाऊडस्पीकर नसताना, आम्हांला आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी असं त्या दोघी बोलल्या. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली. गिरणीनं रविवार दिला, चुलीनं दिला नाही. उलट रविवारी सगळे घरी, म्हणून मटण, वाटण, डोक्यावरून आंघोळी, आठवड्याचं धुणं, दुपारचे पाहुणे. नोकरी करणाऱ्या कित्येकजणी सांगतात, सोमवारी ऑफिसला जाऊन बसलं की जरा पाठ टेकते.

आपले कार्यक्रमही बहुधा रविवारीच असतात, हे जाता जाता नोंदवते. आठ मार्चच्या मेळाव्याला दोनशेजणींचा स्वयंपाक कोण करतं, हेही.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला बसले ती. आमच्या सल्ला केंद्रात गेल्या काही वर्षांत नवऱ्यांची एक तक्रार वाढली आहे: मोबाईल. पूर्वी 'उलट बोलते', 'माहेरी पळते' अशा तक्रारी असत. आता 'सारखी मोबाईलवर असते' हे पहिलं वाक्य. तालुक्याच्या गावाजवळची एक तेवीस वर्षांची मुलगी आली. लग्नाला चार वर्षं, एक मूल. तिला नाचायची आवड. दुपारी सासू झोपली की ती स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून लावणीवर नाचायची आणि त्याचं रील टाकायची. पदर डोक्यावर घेऊन नाचायची, हे तिनं आम्हांला दोनदा सांगितलं. ते सांगावं लागावं याचंच वाईट वाटलं. चारेकशे लोक बघत होते, त्यांत निम्म्या तिच्यासारख्याच मुली. नवऱ्याच्या मित्रानं ते त्याला दाखवलं. नवऱ्यानं फोन दगडानं ठेचला आणि तिला पट्ट्यानं मारलं. ती चौकीत गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी आधी तिलाच विचारलं, 'पण तू नाचायचं कशाला?'

तो नवरा स्वतः रात्री बारापर्यंत फोनवर रील बघतो. बाया नाचतात तेच बघतो. हे त्यानंच सांगितलं, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

समझोत्याची बैठक झाली. नवरा म्हणाला, पुन्हा हात उचलणार नाही, लिहून देतो. पण तिनंही लिहून द्यावं, मोबाईल वापरणार नाही. सासरच्यांना हे अगदी रास्त वाटत होतं. तिच्या माहेरच्यांनाही. 'एवढं काय त्या मोबाईलचं, संसार मोठा की मोबाईल?' आमच्या कार्यकर्त्यांमध्येही दोन मतं पडली. एक म्हणणं असं, की आत्ता मार थांबवणं महत्त्वाचं, नाचाचं पुढं बघू. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. मारणं गुन्हा आहे आणि नाचणं गुन्हा नाही. दोन्ही एका कागदावर समोरासमोर लिहिले की नाचणं गुन्हा ठरतं आणि मारणं त्याची शिक्षा ठरते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात शारीरिक छळाबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे. तिच्या वस्तू फोडणं, तिचं सगळ्यांशी बोलणं तोडणं या गोष्टी आपण त्यात बसवून मांडायला हव्यात, 'किरकोळ' म्हणून कागदाबाहेर ठेवता कामा नयेत.

ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'फोन नको, मान्य. मग नाचायचं कुठं, ते सांगा.'

याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. लग्नाच्या वरातीत? तिथं पुरुष नाचतात. गणपतीत? तिथंही. तिच्या गावात बाईनं आपल्या आनंदासाठी नाचावं अशी जागा खरंच नाही. आम्ही ती अट लिहिली नाही. समझोताही झाला नाही. ती सध्या माहेरी आहे, एका कपड्याच्या दुकानात काम करते. पहिल्या पगारातून तिनं हप्त्यावर नवा फोन घेतला, त्यावरून आईनं चार दिवस अबोला धरला होता.

२ नोव्हेंबर २०२५ चा रविवार आठवत असेल. नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. आमच्या केंद्राच्या खोलीत एक टीव्ही आहे, तो आम्ही त्या दिवशी सगळ्यांसाठी उघडा ठेवला. पावसामुळं सामना उशिरा सुरू झाला, त्यामुळं तो थेट स्वयंपाकाच्या आणि जेवणाच्या वेळेवर आला. पंधरा-वीसजणी आल्या. काही दुपारीच भाकऱ्या करून आल्या होत्या. दोघींनी घरी सरळ सांगितलं होतं, आज बाहेरून आणा नाहीतर तुम्ही करा. त्यातल्या एकीचा नवरा नऊ वाजता दाराशी आला, डबा घेऊन, थोडा ओशाळलेला. खिचडी होती, मीठ जास्त झालं होतं, सगळ्यांनी खाल्ली. लहान मुली पुढं, आज्या भिंतीला टेकून. कुस्तीवाल्या आजीही मुलीकडं आल्या होत्या म्हणून आल्या. त्यांना क्रिकेट काही कळत नव्हतं, पण एक विकेट पडली की त्या मोठ्यानं 'चितपट!' म्हणायच्या. कुणाच्या हातात शेंगा नव्हत्या, सूप नव्हतं, विणकामही नव्हतं. मध्यरात्रीच्या सुमारास आपण बावन्न धावांनी जिंकलो तेव्हा खोलीत अकराजणी उरल्या होत्या. बाकीच्या उठून गेल्या होत्या, कारण आमच्या भागात नळाला पाणी पहाटे चारला येतं.